सूपभर ज्वारीचं लेकरू

पूर आला की पाण्याच्या मागोमाग दोन गोष्टी येतात, चिखल आणि मदत. चिखलाचं एक बरं असतं, चार उन्हं लागली की तो वाळतो. मदत वाळत नाही. ती ट्रकातून उतरते, भाषण करते, फोटो काढून घेते आणि जाताना रिकाम्या बाटल्यांचा ढीग मागे सोडते. हिंगोली जिल्ह्यात मी मुलांच्या संरक्षणाचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे दोन्हींशी माझी जवळची ओळख आहे.

माझ्या पदाचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर मावत नसे. सांगायला लागले की अर्ध्यातच समोरचा विचारायचा, "म्हणजे नेमकं काय करता?" आमच्या सासूबाईंनी हा प्रश्न कायमचा सोडवून टाकला होता. त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायच्या, "सूनबाई अंगणवाडीत मोठ्या साहेब आहेत." नेमणूक कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मी कामाला लायक आहे की नाही याचा सरकारला नव्यानं प्रश्न पडायचा आणि उत्तर येईपर्यंत मी बिनपगारी लायक असायचे. शेवटी एकदा उत्तर आलंच नाही. घरच्यांनी त्याला निवृत्ती म्हणायचं ठरवलं आणि मला एक शाल दिली.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संकटात मुलांचं काय होतं हे लोकांना सिनेमामुळे माहीत असतं. तिथे मूल वाहून जातं, दुष्टांच्या हाती लागतं, मोठं होऊन सूड घेतं. खऱ्या पुरात मुलं दुष्टांपेक्षा सज्जनांच्या हाती जास्त लागतात. कुणी दयाळू माणूस रडणारं पोरगं बघतो, गाडीवर बसवतो, आपल्या घरी नेऊन जेवू घालतो. त्याच्या फोनची बॅटरी संपलेली असते. इकडे पोराची माय ऊर बडवत गाव पालथं घालते. म्हणून आमचा पहिला नियम असा की मूल सापडलं तर त्याला कुठेही नेऊ नका, जिथे सापडलं तिथेच त्याच्याजवळ बसा. बसून राहण्यात पुण्य आहे हे आपल्या लोकांना पटवणं फार अवघड.

दुसरा नियम, कोणतंही मूल अनाथ आहे असं पटकन म्हणू नका. आमच्या भागात तर अनाथ होणं सोपंच नाही. आईबाप नसले तरी मामा असतो, मामा नसला तर मावशी, आणि चुलते तर असतातच. ते सगळे एकाच वेळी उगवतात आणि पोर कुणी न्यायचं यावरून छावणीच्या दारात भांडतात. ते भांडण मला आवडायचं. ज्या पोरासाठी कुणी भांडत नाही त्याचीच मला काळजी वाटायची.

त्या वर्षी कयाधू अशी फुगली की नदीकाठची दोन-तीन गावं उठवून कळमनुरीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत आणावी लागली. मुख्याध्यापकांना पुराचं फार दुःख झालं, कारण लोक बाकांवर झोपत होते आणि बाक नवीन होते. एका वर्गात मी मुलांसाठी खेळायची जागा केली. कागदोपत्री तिचं नाव 'बालस्नेही कक्ष'. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिथे छतापर्यंत पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली. मुलं बाहेर चिखलात खेळत होती आणि कक्षाच्या पाटीखाली एक तलाठी डुलकी काढत होता.

मग एक पुढारी आले. सोबत बिस्किटांचा टेम्पो, दोन कॅमेरेवाले आणि डझनभर कार्यकर्ते. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "अनाथ किती आहेत?"

"एकही नाही, साहेब."

"एकही नाही?" त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पाणी तर मोठं आलं म्हणे."

"आलं ना साहेब. पण लोक वेळेवर निघाले."

लोक वेळेवर निघाले याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांचा एक कार्यकर्ता मदतीला धावला. "म्याडम, अर्धे अनाथ बी चालतील. बाप न्हाई असे, नाहीतर माय न्हाई असे." शेवटी ज्यांचे बाप पुण्याला कारखान्यात कामाला आहेत अशी पोरं ओळीत उभी केली गेली. त्यात एक चुकून भलतंच शिरलं. बिस्किटाचा पुडा हातात पडताच ते गर्दीकडे वळून ओरडलं, "बाबा, दोन घिऊ का?" कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्यानंतर जे झालं ते तसं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याची सुरुवात एका संदेशापासून झाली. आमच्या वरच्या कुण्या साहेबांना आपणही काहीतरी केलं पाहिजे असं वाटलं. त्यांनी मोबाईलवरून सगळीकडे संदेश धाडला की पूरग्रस्त भागात मुलं पळवणाऱ्या टोळ्या असू शकतात, अनोळखी माणसासोबत मूल दिसल्यास चौकशी करावी. मी फोन करून म्हटलं, "साहेब, अशी एकही तक्रार आपल्याकडे नाही. लोक आधीच घाबरलेले आहेत." साहेब म्हणाले, "म्हणून तर मी 'असू शकतात' असं लिहिलंय." त्यांचं 'असू शकतात' कळमनुरीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. दुपारपर्यंत 'टोळ्या आहेत' झालं होतं. संध्याकाळी त्या टोळीत बायका असतात हेही लोकांना समजलं होतं, आणि त्या बायका कोणत्या समाजाच्या असतात हेदेखील कुणीतरी आपल्या पदरचं घालून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या फाटकातून पोलिसांची जीप आत आली. मागे मोटारसायकलींची रांग. त्यावर बसलेल्या पोरांच्या अंगात 'बाल सुरक्षा पथक' असे छापलेले टी-शर्ट. इतकं मोठं सुरक्षा पथक जिल्ह्यात आहे हे मला, म्हणजे ज्या बाईचं ते कामच होतं तिला, त्या दिवशी कळलं. जीपमधून एक पन्नाशीची बाई उतरली. लुगडं चिखलानं भरलेलं, गालावर ओरखडा, एका हातातल्या बांगड्या फुटून मनगटावर रक्त सुकलेलं. तिच्या कमरेला पाच-सहा वर्षांचं पोरगं पायांची मिठी घालून चिकटलं होतं. चारी बाजूंनी मोबाईल वर धरलेले.

"मॅडम, पकडली," फौजदार म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, घाम होता. गर्दी जीपच्या दोन्ही अंगांनी दाटत चालली होती, आणि हातात काठ्या घेतलेली पोरंही त्यात मला दिसली.

मी त्या दोघांना सातवीच्या वर्गात घेतलं आणि आतून कडी लावली. फौजदारांना म्हटलं, "तुम्ही दारात उभे राहा. कुणालाही आत सोडायचं नाही, पुढारी आला तरी." त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं.

बाईचं नाव रशीदा. पूर आलेल्या गावातलीच, कळमनुरीच्या आठवडी बाजारात बांगड्या विकणारी. गावातले सगळे तिला रशीदाभाभी म्हणतात हे मला नंतर कळलं. पाणी चढायला लागलं तेव्हा पोर तिच्या घरी होतं. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, उसाच्या बांधाबांधानं रस्ता गाठला, दोन दिवस रस्त्याकडच्या एका शेतावर काढले आणि डोंगरकडा गावात बहीण असते म्हणून तिकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवर चढली. डोंगरकड्याच्या अलीकडच्या फाट्यावर पथकानं ट्रॅक्टर अडवला. पोराच्या गळ्यात बुद्धाचं लॉकेट, बाईचं नाव रशीदा. पोरांनी दोन आणि दोन जोडून बावीस केले.

"पोराला नाव इचारलं त्यायनं," ती सांगू लागली. "त्यानं सांगितलं कचरू. ते म्हणले, लॉकेट असं अन् नाव असं काहून? मंग मला म्हणले, तुझं हाय का? म्या म्हणलं व्हय, माजं हाय. तू जन्म दिला का? म्या म्हणलं न्हाई. मंग कसं तुझं?"

"मग काय सांगितलंत?"

"जे खरं ते सांगितलं, म्याडम. म्हणलं, म्या घेतलंय त्याला. सूपभर ज्वारी देऊन घेतलंय."

मी कपाळाला हात लावला. आपल्याकडची ही जुनी चाल आहे. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिचं पुढचं लेकरू जन्मलं की सुपात घालून दुसऱ्याच्या दारात ठेवतात. तो घरधनी किंवा घरधनीण मूठभर धान्य देऊन ते 'विकत' घेते आणि 'आता माझं आहे, तू सांभाळ' म्हणून परत जन्मदात्रीच्या ओटीत घालते. नावही असं ठेवायचं की कुणाला हेवा वाटू नये, दगडू, धोंडू, कचरू. मरण दारात आलं तर त्याला वाटावं की या घरचं लेकरू आधीच गेलंय. मी बौद्ध घरात वाढले. अशा चालींवर गावोगावी अंगणवाड्यांत मी तावातावानं बोललेली आहे. सूप या वस्तूविरुद्ध माझी दोन तरी भाषणं असतील.

आता माझ्यासमोर एक बाई होती, जी जमावापुढे ठामपणे सांगून आली होती की हे लेकरू मी विकत घेतलंय. कायद्याच्या पुस्तकात याला जे नाव आहे ते ऐकलं तर अंगावर काटा येतो. आणि बाहेर जी पोरं उभी होती त्यांना कायद्याच्या पुस्तकाची गरज नव्हती.

"खरे आईबाप कोण?" मी विचारलं.

"सुजाता अन् मिलिंद. सुजाता कळमनुरीला दवाखान्यात हाय, पोरगी झाली तिला चार दिसामागं. मिलिंद तिच्यापाशी. कचरू माझ्यापाशी ऱ्हातो, बराबर हाय का न्हाई? त्याचं दुसरं घर हाय ते." मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "म्याडम, त्यायला फोन लावा ना. ते येतील अन् सांगतील. मंग हे लोक जातील."

मिलिंदला मी ओळखत होते. गवंडीकाम करणारा, वाचनाची आवड असलेला, विहारातला बोलका कार्यकर्ता. अंधश्रद्धेवर त्याचं भाषण आमच्या भागात चांगलंच गाजलेलं. ते मी दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या होत्या. निरोप गेला तसा तो अर्ध्या तासात धापा टाकत आला. पोरगं "बाबा" म्हणत त्याच्याकडे झेपावलं. त्यानं त्याला छातीशी धरलं, रडला, रशीदाभाभीपुढे हात जोडले. पोराचं शाळेतलं नाव सम्यक आहे हेही सांगितलं. मला वाटलं, सुटलो. मी दार उघडलं आणि त्याला म्हटलं, "बाहेर ये आणि चार शब्दांत सांगून टाक."

बाहेर पन्नासभर मोबाईल त्याच्या तोंडासमोर आले. गर्दीतून एकानं विचारलं, "दादा, तुमी तर सूप-बिप मानत न्हाई. मंग ही बाई म्हणून राहिली की तुमी लेकरू इकलं, ते कसं?"

मिलिंदच्या चेहऱ्यावर मला त्याचं सगळं भाषण उलटं वाचता आलं. तो घुटमळला. मग घसा साफ करून म्हणाला, "असलं काही नाही. आम्ही असल्या गोष्टी मानत नाही. बाई आमच्या शेजारची आहे, एवढंच."

"मंग ती काहून म्हणते घेतलं म्हणून?"

"ते तिचं तिला माहीत."

मी मागे वळून बघितलं. रशीदाभाभी वर्गाच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं फुटक्या बांगड्यांचा हात दुसऱ्या हातानं झाकला. फौजदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, बापच नाही म्हणून राहिला. मग बाई खोटं बोलते. मला तिला ठाण्यात न्यावं लागंल." आणि गर्दीकडे नजर टाकून म्हणाले, "पण जीपपर्यंत कशी न्यायची ते मला समजून नाही राहिलं." फाटकाशी कुणीतरी एक दगड उचलून हातात खेळवत होता. तो अजून फेकलेला नव्हता.

मी मिलिंदला हाताला धरून आत ओढलं.

"ताई, तुम्ही तर आपल्याच आहात," तो म्हणाला. "समजून घ्या. मी प्रबोधन करतो. उद्या मी बोलायला उभा राहिलो की लोक हसतील. म्हणतील, ह्यानं स्वतःचं पोर सुपात घातलं."

"हसले तर हसले. त्या बाईला ते मारतील."

"पोलीस आहेत ना."

"पोलिसांनाच घाम फुटलाय, बघ बाहेर. तू मानत नाहीस हे खरं, आणि तुझ्या घरात झालं हेही खरं. दोन्ही सांग ना. इतकी का जीभ जड आहे तुझी?"

तो खाली मान घालून उभा राहिला. विचार स्वच्छ असलेला माणूस ऐन वेळी किती घाबरट असू शकतो हे मी या कामात अनेकदा बघितलंय. पण त्या दिवसाइतकं मला कधी लागलं नाही, कारण त्याचे विचार माझेच होते.

मग मी त्याच्याच फोनवरून सुजाताला फोन लावला. रेंज एका दांडीवर. तिला सगळं सांगितलं. पलीकडे तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "सुजाता, तुला बाळंतिणीला हे सांगणं जिवावर येतंय. पण इथे सगळ्यांसमोर बोलशील का? जे झालं ते?"

ती क्षणभरही थांबली नाही. "लावा तुमी माईक," म्हणाली.

छावणीत माईक होता. 'लाल फ्रॉक घातलेली मुलगी सापडली आहे, पालकांनी यावे' अशा घोषणा करायला शाळेचा भोंगा मीच मागून घेतला होता. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि माईकला टेकवला. मुलांची ओळख जाहीर करू नये हा आमच्या कामातला कडक नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. त्या दिवशी मी तो शाळेच्या छपरावरच्या भोंग्यातून मोडला.

"मी सुजाता बोलून राहिले," भोंगा खरखरला. गर्दी मान वर करून बघू लागली, जशी काही ती छपरावर बसली होती. "कचरूची माय. दोन लेकरं गेली माजी, त्याच्या आंदी. पहिलं आठ दिसाचं, दुसरं महिन्याचं. तवा पथक-बिथक कुनी आलं न्हाई आमच्या दारात. तिसऱ्या टायमाला माझ्या मायनं लेकरू सुपात घातलं अन् रशीदाभाभीच्या उंबऱ्यावर ठिवलं. तिनं सूपभर ज्वारी देली अन् घेतलं. मला दूध आलं न्हाई तवा तिनं शेळी आनून बांधली माझ्या दारात. लेकराला ताप आला की ती माझ्या आंदी दवाखान्यात. ते माझं हाय अन् तिचं बी हाय. इकलं म्या, व्हय. कुनाला काय करायचं ते मला करा."

मिलिंद भिंतीला टेकून उभा होता. मग भोंग्यातून तिनं नवऱ्यालाच हाक दिली.

"अन् अवो, तुमी काहून न्हाई म्हणून राहिले? त्या ज्वारीच्या भाकरी तुमीच खाल्ल्या ना! अंबाड्याच्या भाजीसंगं!"

आधी एक म्हातारी हसली. छावणीतल्याच गावची, तिला सगळं माहीत असणार. मग तिच्या बाजूची बाई. मग सगळं मैदान असं खदखदलं की मुख्याध्यापक बाकांची काळजी सोडून धावत बाहेर आले. टी-शर्टातली पोरंसुद्धा तोंड फिरवून हसू लागली. हसणाऱ्या माणसाच्या हातात काठी फार वेळ राहत नाही. फाटकाजवळच्या त्या गड्यानं दगड खाली टाकला आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी बघितलं होतं.

मिलिंद लाल होऊन बाहेर आला. त्यानं माईक घेतला आणि एवढंच म्हणाला, "खरं आहे. मी खोटं बोललो." त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड भाषण ते, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं. पण रशीदाभाभीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

गर्दी पांगली. पथकातल्या एकानं जाता जाता म्हटलं, "गैरसमज झाला." कुणाचा, ते सांगितलं नाही. तिच्या गालावरच्या ओरखड्याबद्दलही कुणी बोललं नाही. मी तिचं मनगट धुतलं, औषध लावलं. ती म्हणाली, "म्याडम, तुमाला लई तकलीफ झाली." मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. संध्याकाळी बिस्किटवाले पुढारी परत आले. त्यांना 'दोन आयांचं लेकरू' असा फोटो हवा होता. मी त्यांना पाण्याच्या बाटल्यांच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, "हा आमचा बालस्नेही कक्ष, याचा काढा."

पुढे रीतसर सगळं झालं. बाल कल्याण समितीपुढे मूल गेलं आणि मूल त्याच्या घरी गेलं. मुलाची ओळख जाहीर केल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. तो मी दिला. ज्या साहेबांनी टोळ्यांचा संदेश धाडला होता त्यांचा दक्षतेबद्दल सत्कार झाला. मी तिथे टाळ्या वाजवायला हजर होते, कारण हजेरी सक्तीची होती.

मला वाटत होतं की हे प्रकरण संपलं. पण फाट्यावर काढलेला 'बाई पकडली' हा व्हिडिओ फिरत राहिला. सुजाताचा आवाज कुणीच पुढे पाठवला नाही. त्यात मारामारी नव्हती. नांदेडहून माझ्या भाच्यानं मला तोच व्हिडिओ पाठवून विचारलं, "मावशी, तुमच्याकडे अशा टोळ्या आहेत का?" मी त्याला फोनवर अर्धा तास झापलं. तेवढ्यात तो व्हिडिओ आणखी किती फोनमध्ये पोचला असेल कुणास ठाऊक.

काही महिन्यांनी कळमनुरीच्या बाजारात मला रशीदाभाभी दिसली. रस्त्याच्या कडेला कापडावर बांगड्या मांडून बसली होती. बाजूला कचरू रिकाम्या खोक्याची गाडी करून खेळत होता. तिनं मला हाक मारून बसवलं, हातात बांगड्या भरल्या, घरचं विचारलं. सुजाताची पोरगी बसायला लागली होती. मिलिंद आता बाजाराच्या दिवशी तिचं टोपलं सायकलवर आणून देतो, असं तिनं सांगितलं. मी विचारलं, "बोलला का तो तुमच्याशी, त्या दिवसाबद्दल?" ती म्हणाली, "न्हाई. टोपलं आनून देतो."

बाजार उठायला लागला तशी तिनं बांगड्या आवरल्या. टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघाली. पोरगं तिच्यापासून चार हात लांब चालत होतं. समोर नांदेडचा रस्ता, ट्रक आणि बस एकामागून एक.

"भाभी, पोराचा हात धरा ना! गाड्या बघा किती आहेत."

ती थांबली. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाली, "बजारात म्या त्याचा हात धरत न्हाई, म्याडम. घरी धरते. हितं लोक बघून राहतात."

"मग रस्ता कसा ओलांडता?"

"त्यो माजा पदर धरतो. त्याला शिकिवलंय म्या. कुनी इचारलं तर सांगता येतं, त्यानंच धरला म्हणून."

मग ते दोघं रस्ता ओलांडू लागले. तिचे दोन्ही हात डोक्यावरच्या टोपल्याला, सगळ्यांना दिसतील असे वर धरलेले, आणि मागे तिच्या पदराचं टोक मुठीत घट्ट पकडून ते लेकरू.